सड्यावरचा वारा आणि छत्तीस बॉल

रत्नागिरी,
फेब्रुवारीअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शिमग्याला तू गावी येतोयस आणि सहा ओव्हरच्या लीगमध्ये वाडीच्या टीमची कप्तानी तुझ्याकडे दिलीय, हे ऐकून फार आनंद झाला. तू मुंबईच्या पावसाळी कांगा लीगच्या भिजलेल्या खेळपट्ट्यांवर वाढलास, त्यामुळे पीच कशी ओळखायची ते तुला सांगायला नको. इथे मात्र पीचच्या आधी वारा ओळखावा लागतो. यंदाच्या मॅचेस त्यावरच जिंकता येतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लेदरचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर साधा टेनिस बॉल ६० ग्रॅमच्याही आतला. लीगला वापरतात तो हार्ड टेनिस बॉल वजनाने या दोघांच्या मधला. त्यावर लव असते, त्यामुळे तो हवेत उंच गेला की वारा त्याला सरळ ढकलतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, तोही नऊ-दहापर्यंत पडतो. मग मध्ये काही वेळ पान हलत नाही. दुपारपासून समुद्राकडून येणारा खारा वारा चढतो आणि तीन-चारला सड्यावर, म्हणजे आपल्या कातळाच्या पठारावर, चांगलाच जोर धरतो. म्हणजे सकाळची मॅच आणि चारची मॅच हे दोन वेगळे खेळ आहेत. टाइमटेबल हातात आलं की आधी वेळ बघ, समोर कोण आहे ते नंतर.

आता आपलं मैदान डोळ्यांसमोर आण. पीच दक्षिणोत्तर, दक्षिणेला देऊळ, उत्तरेला आंब्याची बाग, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला रस्ता. दुपारी वारा समुद्राकडून रस्त्याकडे वाहतो. देवळाकडून बॉलिंग असली की बॅट्समन बागेच्या टोकाला. उजव्या हाताने खेळणाऱ्याची लेग साइड, म्हणजे बॉलरकडे तोंड केल्यावर त्याच्या डाव्या हाताची बाजू, तेव्हा रस्त्याकडे येते. त्याने मिडविकेटवरून नुसता उचलला तरी पुढचं काम वारा करतो. शिवाय तोच वारा बॉललाही लेगकडे ओढतो, म्हणून लेगस्टंपवर टाकायला गेलेला बॉल हमखास वाइड होतो. देवळाकडून टाकणाऱ्याला ऑफस्टंपच्या वीतभर बाहेर धरायला सांग, वारा त्याला आत आणेल.

बागेकडून बॉलिंग असली की सगळं उलटं होतं. लेगचा फटका वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि पन्नास मीटरची बाउंड्री साठची वाटायला लागते. म्हणून सहावी ओव्हर, जेव्हा सगळे आडवी बॅट फिरवतात, ती बागेकडूनच पडायला हवी. ओव्हरगणिक टोकं बदलतात, त्यामुळे पहिली ओव्हर देवळाकडून सुरू केलीस की दुसरी, चौथी आणि सहावी आपोआप बागेकडून येतात. फील्डिंग घेताना अंपायर टोक विचारतात, तिथे बरेच कप्तान जवळचं टोक सांगून मोकळे होतात. वेळ वाचवायला एकाच टोकाकडून सगळ्या ओव्हर टाकायचा नियम असेल, तर ही आकडेमोड बाद. मग टॉस जिंकून वारा कधी चढेल तेवढंच बघायचं.

एका बॉलरला दोन ओव्हर असा नियम असेल तर मी पहिली आणि पाचवी सर्वांत चांगल्या बॉलरला देईन. सगळे त्याला सहावीसाठी राखतात. पण पाचवी वाऱ्याच्या बाजूची आहे, मार तिथेच बसतो, आणि तिच्यात वीस गेले तर सहावीत वाचवायला काही उरत नाही. दोन नंबरच्या बॉलरला तिसरी आणि सहावी. दुसरी आणि चौथी बागेकडच्या, तिथे कच्चा बॉलर झाकला जातो. डावखुरा खेळायला आला की हे सगळं फिरतं हे विसरू नकोस.

बॅटिंगलाही हेच लागू. आपल्याकडे एक डावखुरा आहे, त्याला ओपनिंगला पाठव. उजवा बागेच्या टोकाला आणि डावखुरा देवळाच्या टोकाला राहिला, तर दोघांनाही आपापल्या ओव्हरला लेगवर वारा मिळतो. ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर जोडी अशीच उभी असेल तर एक रन सोडून दिलेली बरी. उलटी उभी असेल तर एक रन धावून काढायचीच.

साठ रन हवेत असं धर. बारा डॉट, म्हणजे एकही रन न निघालेले बॉल, गेले तर उरलेल्या चोवीस बॉलना बॉलमागे अडीच रन लागतात. सहाच डॉट गेले तर दोन पुरतात. आपल्या मुलांचे डॉट येतात ते यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या बॉलवर, नाही, चांगल्या लेंथच्या बॉलवर सिक्स मारायला जाऊन हुकतात त्यावर. अशा बॉलला मिडऑफकडे ढकलून पळायचं, कातळावर बॉल वेडावाकडा उडतो आणि फील्डर सहसा एका हातात धरत नाही. बॅट किलोभराची, मागून खोल कोरलेली स्कूपची असू दे. हलक्या बॉलला बॅटच्या वजनापेक्षा तिचा वेग जास्त कामाला येतो. तुझी लेदरची जड बॅट मुंबईतच ठेव.

चारच्या मॅचला रस्त्याकडच्या बाउंड्रीवर सगळ्यात खात्रीचे हात उभे कर, तेही टोपी घालून. सूर्य समोर समुद्रावर असतो, बॉल उन्हातून येतो आणि वारा त्याला आणखी मागे नेतो. तिथल्या फील्डरने अगदी दोरीला टेकून उभं राहावं. पुढे पळत येऊन कॅच होतो, मागे जाऊन क्वचितच. सूर मारायला कोणाला सांगू नकोस. जांभ्यावर कातडी सोलून निघते आणि जखमेत लाल खडी बसते. ती स्वच्छ पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पट्टी बांधायची नाही. खिळ्यांचे बूट नकोत, कातळावर घसरतात आणि पीचवर अंथरलेली मॅट फाडतात. रबरी तळाचे बूट घ्या.

मॅट टॉसच्या आधी स्वतः चालून बघ. खाली माती आणि शेणकाला नीट दाबलेला नसेल तर पोकळी राहते आणि तिथे पडलेला बॉल बसतो. कडेचे खिळे ढिले झाले की मॅटला सुरकुती येते, तिच्यावर आदळलेला बॉल तोंडावर उडतो. एक हातोडी आणि पाच-सहा जादा खिळे टीमच्या पिशवीत असू देत. दुपारी तापलेल्या बॉलमधली हवा फुगते आणि तो जास्त उसळतो, त्यामुळे शॉर्ट बॉल वाया जात नाही. दोन-तीन ओव्हरनंतर लव घासली की तो मऊ पडून खाली राहतो, तेव्हा फुल टाका. रात्रीची मॅच मिळाली तर दवाने लव भिजते, बॉल जड आणि निसरडा होतो, यॉर्करचा फुलटॉस होतो. दोन कोरडे पंचे आणि वाळली माती हाताशी ठेवा, आणि शक्यतो आधी फील्डिंग घे.

टॉसच्या वेळी अंपायरला तीन गोष्टी विचारून घे. कॅच झाल्यावर नवा बॅट्समन स्ट्राइकला येतो का? कायद्यात १ ऑक्टोबर २०२२ पासून तसंच आहे, पण गावोगावी अजून जुन्या पद्धतीने, कॅचआधी दोघे बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले का, ते धरतात, आणि शेवटच्या ओव्हरला यावरूनच वाद होतो. टाय झाल्यास काय? आणि पॉवरप्ले किती ओव्हरचा?

नेट रनरेटचा, म्हणजे आपल्या ओव्हरमागच्या रनमधून समोरच्यांचे वजा करण्याचा, हिशोब आपल्या मुलांना माहीत नसतो. समजा समोरच्यांनी सहा ओव्हरमध्ये ४५ केले आणि आपण चार ओव्हरमध्येच ४६ केले, तर आपला ११.५ वजा त्यांचा ७.५, म्हणजे अधिक ४. तेच ४६ सहाव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर केले तर अधिक ०.१७. दोन्हीकडे जिंकल्याचे गुण सारखे, पण सेमीला कोण जाणार ते इथे ठरतं. आणि चार ओव्हरमध्ये ऑलआउट झालो तरी भागायचं पूर्ण सहाने.

कोकमाचं सरबत मीठ घालून दहा लिटर तरी लागेल, ते वाडीतून होईल. पालखी आपल्या वाडीत येण्याचा दिवस आयोजकांना आधीच कळव, त्या दिवशी अकरा जण जमणार नाहीत. तू एक दिवस आधी चारच्या सुमाराला सड्यावर ये, बागेच्या टोकाला उभा राहा आणि मूठभर सुकं गवत उडवून बघ.

तुझा मित्र