निवाऱ्याचा हिशेब कुठल्या लोकसंख्येवर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की ‘फुटपाथवरच्या कुटुंबांना निवारा केंद्रांत हलवा’ अशी पत्रे आणि निवेदने सुरू होतात. मागणीत वावगे काही नाही. हलवायचे कुठे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचा हिशेब सरकारच्याच आकड्यांनी मांडता येतो.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये सुरू झाले आणि २०२४ पर्यंत चालले. त्यातल्या शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा निकष असा: दर १ लाख लोकवस्तीमागे किमान १०० माणसांची, बारमाही आणि चोवीस तास उघडी राहणारी सोय. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे साधारण १२५ केंद्रे आणि साडेबारा हजार जागा. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर ५७ हजारांहून अधिक भरले. पालिकेने निकष शंभर टक्के पाळला, एकही केंद्र कमी ठेवले नाही, तरी चौघा-पाचांमागे एकाचीच पाठ टेकेल.

याचे कारण निकष शहराच्या एकूण लोकसंख्येला बांधलेला आहे, बेघरांच्या संख्येला नाही. महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येपैकी मुंबईत साधारण पाव हिस्सा राहतो, पण राज्यातल्या १ लाख ११ हजार शहरी बेघरांपैकी निम्म्याहून अधिक मुंबईत आहेत. एखाद्या मध्यम शहराला आणि मुंबईला एकच माप लावले की तिथे खाटा रिकाम्या राहतात आणि इथे फुटपाथ भरलेला. मग रिकाम्या खाटांकडे बोट दाखवून ‘बेघरांनाच निवारा नको असतो’ असे म्हणायला अधिकारी मोकळे.

‘नको असतो’ यामागची कारणेही तपासली पाहिजेत. मुंबईच्या फुटपाथवर एकटे पुरुषच नाहीत, कुटुंबेही आहेत. पुरुषांचे केंद्र वेगळे, बायकांचे वेगळे, मुलांचे तिसरेच, अशी वाटणी केली की कुटुंब फोडल्याशिवाय छप्पर मिळत नाही. नवरा एकीकडे, बायको-पोरे दुसरीकडे आणि स्टोव्ह-भांड्यांचे गाठोडे कुठेच नाही, हे कोण मान्य करील? अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबांसाठीच्या निवाऱ्याला जागा आहे, स्वयंपाकाची सोय आणि सामानाला कुलुपाचे कपाटही आहे. प्रत्यक्ष आराखडा करताना सर्वांत आधी कात्री लागते ती याच तीन गोष्टींना, कारण त्यांना जागा लागते.

दुसरी अडचण अंतराची. नाक्यावर मजुरीसाठी सकाळी सात-साडेसातला उभे राहावे लागते. मंडईतल्या हमालाचे काम मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि कचरा वेचणारीला पालिकेची गाडी यायच्या आत फेरी उरकायची असते. यांना दूरच्या उपनगरात नेऊन ठेवले, तर निवारा मिळतो आणि रोजगार जातो. केंद्र रेल्वे स्थानक, एसटी आगार, बाजार यांच्या जवळ असावे, असे सूचनांतच म्हटले आहे. रात्री दहाला दार बंद आणि सकाळी सहाला ‘उठा, बाहेर पडा’ हा खाक्याही हमालाच्या उपयोगाचा नाही. चोवीस तास उघडे म्हणजे दिवसा झोपणाऱ्यालाही उघडे.

जागा नाही, हे पालिकेचे ठरलेले उत्तर. माणशी ५० चौरस फूट हा निकष आहे, त्यामुळे १०० जणांना ५ हजार चौरस फूट लागतात. २० बाय २५ फुटांचा वर्ग धरला तर दहा वर्गखोल्या. पट घसरल्यामुळे पालिकेच्या शाळांतल्या ज्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत (त्यात मराठी माध्यमाच्या किती, हा वेगळ्या पत्राचा विषय), त्यांची प्रभागवार यादी करायला निविदेची गरज नाही. सार्वजनिक इमारतीची डागडुजी करून ती निवाऱ्याला वापरण्याची मुभा अभियानात होतीच. मात्र भरणाऱ्या शाळेच्या मधल्या मजल्यावर निवारा नको. स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र दार असलेला भागच घ्यावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात पालकांची तक्रार येते आणि केंद्र गुंडाळावे लागते.

शाळेच्या इमारतीत खरी फसगत होते ती पाण्याची आणि संडासाची. शाळेत मोऱ्या नसतात, मुताऱ्या लहान मुलांच्या उंचीच्या असतात आणि टाकी दिवसभराच्या वापरापुरती. स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयांसाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक संडास असे प्रमाण धरले आहे. १०० जणांना तीन-चार संडास हे कागदावर पुरेसे दिसतात. पण निवाऱ्यात सगळ्यांची घाई एकाच वेळी असते. माणशी १० मिनिटे धरली तर चार संडासांवर १०० जण आटोपायला चार तासांहून अधिक लागतात. साडेसातला नाका गाठायचा असेल तर पहिल्याने साडेतीनच्या आधीच रांग धरावी. म्हणून माणसे परत रस्त्यावरच्या ‘पैसे द्या आणि वापरा’ शौचालयाकडे वळतात आणि एकदा तिकडे वळली की झोपायलाही तिथेच शेजारी पथारी टाकतात. सातआठ संडास, त्याला जोडून न्हाणी आणि कपडे वाळत घालायला गच्ची, यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

चालवण्याच्या खर्चाचेही असेच. तीन पाळ्यांसाठी तीन रखवालदार आणि एक व्यवस्थापक, ही किमान माणसे. अभियानात केंद्र सरकारकडून चालवण्याच्या खर्चाला मिळणारी मदत पाच वर्षांपुरती होती. पुढे भार राज्यावर आणि पालिकेवर. अनुदान रखडले की चालवणारी संस्था आधी रात्रपाळीचा माणूस कमी करते. रात्री माणूस नसला की चोऱ्या आणि दारूची भांडणे सुरू होतात, मग बायका आणि म्हातारी माणसे आधी निघून जातात. पटावर जागा रिकाम्या दिसतात आणि पुढचे अनुदान त्या पटावर ठरते. निधी असूनही निवारे का उभे राहत नाहीत, हे तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती.

कायद्यातली विसंगतीही पाहा. निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जात (नमुना ६) तो झोपतो ती जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन खात्री करायची, झाले. दुसरीकडे मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मध्ये उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने भटकणे वा थांबणे की माणूस भिकेवरच जगत असावा असे वाटावे, हीसुद्धा ‘भीक’ ठरते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षे. म्हणजे एक सरकारी माणूस रात्री येऊन ‘तू इथेच झोपतोस ना?’ असे विचारून मतदार करणार आणि दुसरा त्याच जागेवरून उचलून नेणार. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्र विधिमंडळाने तेवढे तरी स्वतःहून करावे.

निवारा हा मुक्काम आहे, घर नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीचा पुरावा लागतो. फुटपाथवर नुसती ताडपत्री टाकून राहिलेल्यांकडे तो नसतो. १९८५ च्या, मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तरी पर्यायी जागेचे संरक्षण मिळाले ते १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. जो मोजला गेला नाही, त्याला काहीच नाही.

म्हणून येत्या जनगणनेकडे आतापासून लक्ष हवे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि बेघरांची मोजणी रीतीप्रमाणे आदल्या एका रात्रीत होते. त्या रात्री हमाल बाजारात असतो, केटररचा पोऱ्या लग्नाच्या हॉलमध्ये आणि पुलाखालच्या कुटुंबाला चार दिवस आधीच अतिक्रमणविरोधी पथकाने हुसकावलेले असते. फेब्रुवारीभर अशा कारवाया थांबवाव्यात, प्रत्येक प्रभागात झोपायच्या जागांचा नकाशा जानेवारीतच तयार करावा आणि त्या रात्री प्रगणकांच्या फेऱ्या दोन ठेवाव्यात, एक अकराच्या सुमारास आणि दुसरी पहाटे चारला, बाजार आणि आगारे धरून.

– एक वाचक, परळ, मुंबई