व्हिएन्ना अर्ध्या दिवसात होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपच्या उन्हाळी सहलींवर आपल्या पुरवणीत जो लेख आला, त्यात व्हिएन्नाची अर्ध्या दिवसात बोळवण केली आहे. शोनब्रुन राजवाडा, ऑपेराच्या इमारतीसमोर फोटो, कॅथेड्रल, की लगेच बसमध्ये. सहलवाल्यांची वेळापत्रकंही अशीच असतात, कारण त्याच आठवड्यात प्राग आणि बुडापेस्टही बसवायचं असतं. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी खुद्द व्हिएन्नाकर या तिन्ही ठिकाणी सापडत नाहीत. ते नदीवर असतात, नाहीतर द्राक्षमळ्यात. आणि नदी न् द्राक्षं म्हणजे काय, हे सांगली जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावायला नको.

आधी नदीचं. व्हिएन्नात डॅन्यूबचे चार पदर आहेत. जुन्या शहराला खेटून जाणारा कालवा, मुख्य पात्र, त्याला समांतर ‘नॉये डोनाउ’ म्हणजे नवी डॅन्यूब, आणि पलीकडं ‘आल्टे डोनाउ’ म्हणजे जुनी. १८७० ते १८७५ मध्ये नदी सरळ केली तेव्हा तुटून राहिलेलं वळण म्हणजे ही जुनी डॅन्यूब. नवी खणली ती पुरासाठी. १९५४ च्या महापुरानंतर बरीच वर्षं वाद झाले आणि १९७२ ते १९८८ या काळात मुख्य पात्राशेजारी २१ किलोमीटरचं दुसरं पात्र काढलं. निघालेली माती दोन्हींच्या मध्ये टाकली आणि तिचंच बेट झालं, ‘डोनाउइन्सेल’. लांबी २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त अडीचशे मीटर. नव्या पात्राच्या वरच्या तोंडाला दरवाजे आहेत. एरवी ते बंद असतात, म्हणून आतलं पाणी जवळजवळ तळ्यासारखं संथ आणि पोहण्याइतकं स्वच्छ राहतं. मुख्य नदी फुगली की दरवाजे उघडून पुराचा एक हिस्सा इकडं वळवतात. २०१३ ला आणि सप्टेंबर २०२४ ला ही व्यवस्था कामाला आली. (२०२४ ला शहराची मेट्रो अडली खरी, पण ती डॅन्यूबमुळं नाही, वीन नावाच्या एरवी ओढ्याएवढ्या दिसणाऱ्या नदीमुळं.) २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेलं कृष्णेचं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तरी या बेटावर दोन तास काढावेत. पूर नसतो तेव्हा पूरनियंत्रणाच्या कामाचा काय उपयोग करता येतो, ते तिथं दिसतं.

जायला सोपं आहे. कॅथेड्रलच्या दारातल्या श्टेफान्सप्लाट्झ स्टेशनवरून लेओपोल्डाउच्या दिशेची लाल यू-१ मेट्रो धरायची, पाचवं स्टेशन डोनाउइन्सेल. दहा मिनिटंही लागत नाहीत. स्टेशन पुलावरच आहे, तिथून खाली बेटावर उतरायचं. नवखा माणूस चुकतो तो इथंच, कारण बेटाला दोन्हीकडं पाणी आहे. ज्या बाजूला काचेचे उंच मनोरे दिसतात ती नवी डॅन्यूब, पोहायचं तिच्यात. जुन्या शहराच्या बाजूला मालवाहू जहाजं चालतात ते मुख्य पात्र. त्याला चांगली ओढ आहे, तिथं पाऊलही घालू नये. आणि पूर येऊन गेला असेल, तर पाणी निवळेपर्यंत नव्या पात्रातही पोहायला बंदी असते.

काठ बऱ्याच ठिकाणी दगडी पिचिंगचा आहे. पाण्याच्या रेषेखालचे दगड शेवाळानं गुळगुळीत झालेले असतात आणि दोन-चार पावलांतच खोली वाढते. मागं पट्टा असलेली रबरी चप्पल घाला, लाकडी धक्क्याच्या शिडीनं उतरा. लहान मुलांसाठी उथळ खडीचे भाग आहेत, ते शोधून तिथंच बसावं. बेटाच्या बहुतेक लांबीवर जीवरक्षक नसतो. मगर मात्र नाही, औदुंबर-भिलवडीला कृष्णेच्या मगरींशेजारी वाढलेल्यांनी निर्धास्त राहावं.

आणखी एक सांगायला हवं, कारण सहलवाले संकोचानं सांगत नाहीत. बेटाच्या दोन्ही टोकांकडं ‘एफकेके’ अशी पाटी असलेले भाग आहेत. तिथं लोक विवस्त्र ऊन खातात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. भाड्याच्या सायकलीवर सासूबाईंना घेऊन निघालात आणि पाटी वाचली नाही, तर अर्ध्या तासात तिथं पोचाल. पाटी दिसली की मागं फिरा किंवा सरळ बघत पुढं जा. मोबाइल मात्र खिशातच ठेवा.

ज्यांना पोहायचं नाही त्यांनी यू-१ नंच दोन स्टेशनं पुढं आल्टे डोनाउला जावं. तिथं पायडलच्या आणि विजेच्या होड्या तासावर मिळतात. विजेची होडी चालवायला काही यावं लागत नाही आणि संध्याकाळच्या उन्हात घरातले चार जण तास-दीड तास आरामात फिरतात. शनिवारी-रविवारी मात्र दुपारनंतर रांग लागते. याच पाण्यात गेन्सेहॉयफेल हे महापालिकेचं बेटावरचं स्नानगृह आहे, १९०७ पासूनचं. त्याला तिकीट लागतं, कपाट मिळतं, झाडांखाली गवतावर दिवसभर पडता येतं. तिथल्या तलावात पोहण्याचाच पोशाख चालतो, पंजाबी ड्रेस किंवा बर्म्युडावर टी-शर्ट चालत नाही.

आता महिन्यांचा घोळ. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, जूनच्या मध्याला शाळा उघडते. व्हिएन्नाचा उन्हाळा सुरू होतो तोच जूनमध्ये. मेमध्ये स्नानगृहं उघडलेली असतात, पण पाणी आपल्याला सोसवणार नाही इतकं गार असतं आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. मेमध्ये जाणाऱ्यांनी पाण्यावर फक्त होडी ठेवावी आणि प्राटर या मोठ्या बागेतल्या हाउप्टअलेवर चालावं. साडेचार किलोमीटरच्या आसपासचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडं, आणि मेच्या सुरुवातीला ती पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेली असतात. त्याच प्राटरमध्ये १८९७ चा मोठा पाळणा आहे, जवळपास ६५ मीटर उंच. पूर्वी त्याला ३० डबे होते. दुसऱ्या महायुद्धात जळाल्यावर पुन्हा उभारताना १५ च बसवले, म्हणून दोन डब्यांत एवढं अंतर दिसतं. प्राटरमध्ये शिरायला पैसे नाहीत, प्रत्येक पाळण्याचं तिकीट वेगळं.

निवृत्त मंडळींनी खुशाल जून-जुलै गाठावा. जूनच्या अखेरीस सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये नगरभवनासमोरच्या चौकात रोज रात्री मोठ्या पडद्यावर संगीताचे कार्यक्रम फुकट दाखवतात. अंधार पडल्याशिवाय ते सुरू होत नाहीत, म्हणून आधी जेवून घ्यावं. उलट ऑपेरा मात्र जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो. हे माहीत नसल्यानं रस्त्यावर मोझार्टच्या वेशात, केसांचा टोप घालून तिकिटं विकणाऱ्यांकडून लोक ‘ऑपेराचं’ समजून तिकीट घेतात. ते पर्यटकांसाठीचे वेगळे कार्यक्रम असतात, कुठल्या तरी दुसऱ्याच सभागृहात. ऐकायला वाईट नसतात, पण तो ऑपेरा नव्हे. उन्हाचं म्हणाल तर पारा ३५ च्या पुढं जाऊ शकतो, आणि जुन्या ट्राम व जुन्या हॉटेलांत एसी नसतो. खोली ठरवताना विचारून घ्यावं.

द्राक्षांकडं येऊ. युरोपातल्या राजधान्यांत शहराच्या हद्दीतच एवढी शेकडो हेक्टर द्राक्षशेती क्वचितच दिसेल. डी नंबरच्या ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत, नुसडॉर्फला जायचं. तिथून ‘श्टाटवांडरवेग १’ या पाट्यांमागं चालत राहिलं की मळ्यांमधून कालेनबर्ग डोंगरावर, ४८४ मीटरवर पोचतो. पूर्ण फेरी ११ किलोमीटरची, तीन ते चार तासांची. साताऱ्यातून अजिंक्यतारा चढणाऱ्याला यात काही नाही. गुडघे कुरकुरत असतील तर यू-४ नं हायलिगेनश्टाटला जाऊन ३८-ए बसनं थेट माथ्यावर जावं आणि मळ्यांमधून नुसडॉर्फकडं उतरावं. १२ सप्टेंबर १६८३ ला याच डोंगरावरून पोलंडचा राजा सोबिएस्कीची फौज उतरली आणि व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठला. त्याच वर्षी इकडं संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगीजांशी झुंजत होते.

तासगाव-पलूसच्या बागायतदाराचं लक्ष तिथं आधी तारांकडं जाईल. मांडव नाही, इंग्रजी वायच्या आकाराचे खांब नाहीत. उतारावर उभ्या ओळी, वेल सरळ वर बांधलेला, शेंडे मशीननं छाटलेले. आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी करतो, तिकडं वेल हिवाळ्यात झोपतो आणि छाटणी एकदाच. त्यामुळं मेमध्ये हातभर फुटवे दिसतात, जूनमध्ये फुलोरा, जुलैमध्ये मणी हिरवे-कडक, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. मणी बारीक, बियांचा, कारण ही द्राक्षं खायची नाहीत, दारूची. मणी फुगवायचे नसल्यानं जीए या संजीवकात घड बुडवणं नाही. त्यातही ‘गेमिश्टर झाट्झ’ हा प्रकार आपल्या माणसाला चक्रावून टाकतो. एकाच मळ्यात किमान तीन पांढरे वाण मिसळून लावलेले, एकदमच तोडायचे आणि एकत्रच गाळायचे. नियम असा की कुठलाही एक वाण ५० टक्क्यांच्या वर नको आणि तिसऱ्याचा वाटा निदान १० टक्के हवा. एकाचा माल आधी पिकतो, दुसऱ्याचा मागं राहतो, तरी तोडणी एकाच दिवशी. वाणागणिक प्लॉट पाडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेडेपणाचं वाटेल, पण आंबट-गोडाचा मेळ त्यातूनच बसतो.

हे मळेवाले आपलाच माल आपल्याच अंगणात विकतात, त्याला ‘हॉयरिगर’ म्हणतात. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफनं ही मुभा दिली. दारावर सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असेल तर आज उघडं, नसेल तर बंद. अस्सल ठिकाणं वर्षातले काही आठवडेच उघडी असतात. बसल्यावर वेटर पेयाचं विचारतो, जेवणाचं नाही. जेवण आतल्या काउंटरवरून आपण आणायचं असतं. हे न कळल्यानं कित्येक जण अर्धा तास हात जोडून बसतात आणि सेवा वाईट म्हणून उठतात. न पिणाऱ्यांनी ‘ट्राउबेनझाफ्ट’ म्हणजे द्राक्षरस मागवावा, सोडा घालून. रोख पैसे जवळ असू द्या.

शाकाहारी मंडळींनो, बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी दिसतं, पण व्हिएन्नात ते बऱ्याचदा बीफच्या रस्स्यात भिजवतात. सूपमध्ये पॅनकेकच्या पट्ट्या दिसल्या तरी खालचं पाणी तेच. आधी विचारा. लिप्टाउअर नावाचं तिखटसर चीज पावाला लावून, सोबत काकडी, हे पोटभर होतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी उतारानं शहरात येतं, १९१० ला दुसरी वाहिनी जोडली, आणि शहरात हजाराहून अधिक ठिकाणी पिण्याचे नळ आहेत. रिकामी बाटली पुरे.

तिकिटांचं थोडक्यात. मेट्रोला फाटक नाही म्हणून तिकीट नको असं नाही. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी निळ्या डब्यात एकदा छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड शंभर युरोंच्या वर. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. आणि शहराचा पास शहराच्या हद्दीपुरताच असतो. विमानतळ हद्दीबाहेर आहे, पुढच्या टप्प्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. परतीच्या दिवशी बॅगांसह लोकलमध्ये दंड भरणारे बहुतेक याच कारणानं भरतात. रविवारी सगळी दुकानं बंद, आणि मे-जूनमध्ये १ मे, येशूचं स्वर्गारोहण, पेंटेकॉस्टचा सोमवार, कॉर्पस क्रिस्टी अशा सुट्ट्याही पडतात. दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणावा; विसरलात तर प्राटरश्टेर्न किंवा हाउप्टबानहोफ या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात.

डब्याचं शेवटी. भडंग, चकली, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप मात्र इथंच ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेमध्ये सगळ्यांनाच हापूस न्यायची हौस येते, पण वनस्पती-आरोग्याच्या सरकारी दाखल्याशिवाय आंबाही चालत नाही. त्या दाखल्यातून सुटलेली फळं पाचच : अननस, नारळ, केळी, खजूर आणि फणसासारखं दिसणारं डुरियन.

आपले,
व्हिएन्नाला येणं-जाणं असलेले काही वाचक,
विश्रामबाग, सांगली