टंचाईत "चालून जाईल" म्हणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

युद्धामुळे तोफगोळ्यांची टंचाई झाली अशा बातम्या पेपरात नेहमी येतात, पण याच टंचाईचा फटका आमच्यासारख्या हौशी लोकांनाही बसतो त्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी टार्गेट शूटिंग करतो आणि रीतसर परवानगी घेऊन माझे राउंड म्हणजे काडतुसं स्वतः भरतो, याला रीलोडिंग म्हणतात. झाडलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, साफ करायची, डायमधून म्हणजे साच्यातून काढून परत मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायचा, पावडर म्हणजे दारू तोलून घालायची आणि वर बुलेट दाबायची. कायदा जिथे परवानगी देतो तिथेच हा छंद करायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

यात केस पुन्हा पुन्हा वापरता येते, शिशाच्या बुलेट काही जण स्वतः ओततात, पण प्रायमर आणि पावडर या घरी करायच्या गोष्टीच नाहीत आणि नेमक्या त्याच आधी गायब होतात. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेत खरेदी एकदम वाढली आणि सुटे प्रायमर दिसेनासे झाले, कारण कारखाने आपले प्रायमर पहिल्यांदा स्वतःच्या तयार राउंडला वापरतात, उरले तर आपल्याला. शिवाय त्यातलं मिश्रण ठोका बसला की पेटणारं, कारखान्यातसुद्धा ते ओलं असतानाच हाताळतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून महिन्याभरात नवीन लाइन उभी राहत नाही. मग 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. बिनधुराच्या पावडरचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, तो सरकीवरच्या आखूड कापूसतंतूंपासून करतात, आणि तोफेच्या गोळ्यालाही तोच लागतो. मग आधी कोणाला मिळणार हे उघड आहे. त्यात 2024 मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर बंधनं घातली, शिसं कडक करायला ती लागते आणि बऱ्याच प्रायमरमध्येही असते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे. माल नसला तर फार तर शूटिंग बंद राहील, त्याने कोणाला इजा होत नाही. इजा होते ती "हे पण त्याच्यासारखंच आहे, चालून जाईल" या वाक्याने.

माझंच सांगतो. टंचाईच्या दिवसांत माझे नेहमीचे प्रायमर संपले, दुसऱ्या कंपनीचे मिळाले, साइज तोच, म्हणून मी बाकी काही न बदलता पावडरच्या जुन्याच मापाने राउंड भरले. रेंजवर पहिला राउंड झाडला आणि बोल्ट, म्हणजे रायफलची मागची कडी, उचलताना हात जड गेला. केस हातात घेऊन बघितली तर प्रायमरची गोल कड पार चपटी झालेली, पितळेशी सपाट. प्रेशर वाढलं होतं. मी तिथेच थांबलो, उरलेले सगळे राउंड घरी आणून एकेक करून उघडले, आणि रीलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पावडरच्या सुरवातीच्या कमी मापापासून परत थोडं थोडं वर गेलो. घटक कुठलाही बदलला, अगदी प्रायमर जरी, तरी असंच करायचं असतं हे मला माहीत होतं आणि तरीही मी केलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तसंच एका मित्राने प्रेमाने अर्धी बरणी पावडर दिली, लेबल नाही, म्हणाला बहुतेक तुझीच आहे. पावडरचे दाणे डोळ्यांना सारखे दिसतात पण जळण्याचा वेग अगदी वेगळा असू शकतो. मी ती वापरली नाही. टंचाईत हातात आलेली पावडर सोडताना जीव तुटतो, खरंच तुटतो, पण सोडायची.

केस जपायच्या त्याही डोळे उघडे ठेवून. नवीन मिळत नाहीत म्हणून लोक एकच केस ताणत राहतात. बुडाच्या जरा वर बाहेरून चकाकती रेघ दिसली, किंवा टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवताना तिथे खाच लागली, की ती केस संपली. तिथूनच ती पुढे तुटते. मी अशा केस पक्कडीने चेपून टाकतो म्हणजे चुकून परत डब्यात जात नाहीत.

मग भागवायचं कसं? हिशोबाने. पावडर ग्रेन या बारीक वजनात तोलतात, एका पौंडात 7000 ग्रेन असतात, पिस्तुलाच्या राउंडला 5 ग्रेन लागत असतील तर 1400 राउंड होतात, रायफलच्या 45 ग्रेनच्या राउंडला तीच पावडर जेमतेम 155 ला पुरते. म्हणून माझी रायफल आता क्वचित निघते. पूर्वी एका फेरीत 100 राउंड उडवायचो, आता 20, पण प्रत्येकाचा शॉट वहीत लिहितो. बाकी सराव ड्राय फायरचा, म्हणजे राउंड न भरता नुसता ट्रिगर दाबायचा, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, आणि खरं सांगतो ट्रिगरचा हात यानेच सुधारला.

साठेबाजीबद्दल मात्र मला राग आहे. मिळेल तेवढं उचलून घरात थप्पी लावणारे लोक टंचाई अजून वाढवतात, नव्याने शिकणाऱ्या पोरांना एक डबी मिळत नाही, आणि पावडर-प्रायमर घरी किती ठेवायचे याला आगीच्या धोक्यामुळे बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते तीही मोडली जाते. मूळ डब्यातून काढून भलत्या बरण्यांत भरून ठेवणारे तर आणखी वाईट, ती बिनलेबलची बरणी अशीच तयार झाली असणार.

तेव्हा संपादक साहेब, दारूगोळ्याच्या टंचाईची पुढची बातमी छापाल तेव्हा त्यात दोन ओळी हौशी लोकांसाठी घाला, घटक बदलला तर माप पहिल्यापासून, आणि लेबल नसलेली पावडर वापरायची नाही.

आपला,
एक हौशी नेमबाज