सातवाहनांचा शेवटही पांडवलेण्यात कोरलेला आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सातवाहनांवरचा लेख आवडला. मात्र गौतमीपुत्र सातकर्णी या राजानंतर तो लेख ‘पुढे साम्राज्याचे तुकडे झाले’ एवढ्यावर आटोपला, याची चुटपुट लागली. तीस वर्षे वर्गात मीही हे एकच वाक्य सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे. निवृत्तीनंतर पांडवलेण्याच्या फेऱ्या वाढल्या तेव्हा कळले, ते तुकडे होणे आमच्या नाशिकच्या दगडातच कोरलेले आहे.

लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने शक-यवन-पल्हवांचा संहार केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती आई सांगते. वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुढे २० क्रमांकाच्या लेण्यात यज्ञश्री सातकर्णीचे सातवे राज्यवर्ष नोंदले आहे. तो शेवटचा मोठा राजा. त्याच्यानंतर आंध्रात इक्ष्वाकू घराणे आले, कर्नाटकात बनवासीला चुटू घराणे. विदर्भात सातवाहनांचीच एक शाखा तग धरून राहिली. तऱ्हाळ्याला १९३९ साली सापडलेल्या सुमारे १६०० नाण्यांत पुराणांच्या वंशावळीत नसलेल्या सातकर्णी राजांचीही नाणी आहेत.

आणि नाशिक? १० क्रमांकाच्या लेण्याच्या अंगणात भिंतीवर राजाचे नाव आहे: माढरीपुत्र ईश्वरसेन, आभीर घराण्याचा. घराणे बदलले, पण आईच्या नावाने ओळख सांगायची रीत तीच राहिली! दान देणारी विष्णुदत्ता, अग्निवर्मा नावाच्या शकाची मुलगी. ज्या डोंगरावर शकांचा संहार कोरला, तिथेच ही शकाची लेक आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी जवळच्या गोवर्धन गावातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव ठेवते. त्यांत तेल्यांची श्रेणीही आहे. याच लेण्यात, गौतमीपुत्राच्याही आधी, शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांकडे महिना शेकडा एक व्याजाने २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवल्याची नोंद आहे. मधल्या काळात एक साम्राज्य येऊन गेले, तरी गोवर्धनच्या कारागिरांवरचा लोकांचा भरवसा टिकला होता. गंगापूर रस्त्याने गेले की ते गाव आजही लागते.

शाळांच्या सहली येतात, क्रमांक ३ पाहून बहुतेक मुले खाली उतरतात. शिक्षकांनी दहा मिनिटे जास्त काढून त्यांना १० क्रमांकाच्या अंगणात न्यावे. आणि विष्णुदत्तेच्या लेखाचे सोप्या मराठीतले भाषांतर आपण पुरवणीत छापावे, ही मनापासून विनंती.

— एक निवृत्त इतिहास शिक्षिका, नाशिक