क्लाउनफिश एक घ्यायचा की जोडी?

प्रिय सच्या,

मेसेज वाचला. दोन फुटी टँक घेतलास, मस्तच. पण एकटा मासा उदास होईल म्हणून तीन क्लाउनफिश (ते नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे समुद्री मासे) घ्यायचे म्हणतोयस ना, ते तेवढं डोक्यातून काढ. एक घे नाहीतर दोन घे, तीन अजिबात नको रे.

कारण सांगतो. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच मोठे होतात, मग त्यांच्यातला सगळ्यात मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नर, आणि उरलेले लहानच राहतात. मादी मेली की तो नर मादी होतो आणि खालचा एकजण नर. समुद्रात एका ॲनिमोनवर, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यावर, असं अख्खं कुटुंब नांदतं, पण तुझ्या टँकमध्ये पाणी जेमतेम 70 लिटर, तिथे तिसऱ्याने पळायचं कुठे? जोडी जमली की त्या बिचाऱ्याला टोचून टोचून मारतात.

एकटा ठेवलास तरी तो मजेत राहतो बरं का, खातो, हिंडतो, काचेजवळ आलं की पुढे येतो. मला तर नवीन टँकला एकच मासा बरा वाटतो, पाण्यावर ताण कमी. आणि जोडीच हवी असेल तर दोन्ही लहान पण एक ठळकपणे मोठा असे बघ, दोघं ओसेलॅरिस या एकाच जातीचे, आणि दोघांना एकदमच सोड. पहिले काही दिवस मोठी दटावणार, धाकटा तिच्यासमोर आडवा होऊन थरथरणार, ते बघून घाबरू नकोस, तो फक्त ‘तूच मोठी’ असं कबूल करत असतो. पण पंख फाटायला लागले, किंवा धाकटा वरच्या कोपऱ्यात अडकून खाईनासा झाला, तर लगेच मध्ये जाळी टाक. दोन मोठे, वाढलेले मासे दोन दुकानांतून आणून कधीच एकत्र करू नकोस, दोन्ही माद्या निघाल्या तर एक जाणारच, कारण मादीचा परत नर होत नाही.

ॲनिमोन आत्ता नकोच, त्याला जोरदार लाईट आणि जुना मुरलेला टँक लागतो, मासा त्याच्याशिवाय आरामात जगतो. आणि दुकानदार खरं कोरल देतो म्हणाला तर सरळ नाही म्हण, आपल्याकडे ते वन्यजीव कायद्यात येतं.

आता नाशिकचं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि यांना पाणी 25 ते 27 डिग्री लागतं, म्हणून टँकच्या वर छोटा फॅन लाव, दोनेक डिग्री तरी उतरतात. पण फॅनने पाणी भराभर उडतं आणि मीठ मात्र मागे उरतं, म्हणजे रोज भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खारं पाणी ओतत बसलास तर खारटपणा चढतच जाईल. खारटपणा मोजायच्या मीटरवर 1.025च्या आसपास ठेव. नळाचं पाणी थेट नको, त्यात क्लोरीन असतं. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप जवळ असू दे.

आणि मुलीला आत्ताच सांगून ठेव की मासा यायला महिना-दीड महिना लागेल. आधी टँकमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला हवेत, पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि त्यापासून होणारं तसंच विषारी नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा आणायचा नाही. हे क्लाउनफिश नीट सांभाळले तर वीस वर्षंसुद्धा जगतात रे, ती कॉलेजला जाईल तेव्हाही असतील.

दुकानात जायच्या आधी फोन कर, मी येतो, मासे दोघं मिळून निवडू.

तुझाच,
अभ्या