रविवारी उपासनेनंतर थांबा, लगेच पळू नका

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर पंच कमिटी आणि सगळ्या मंडळीची मीटिंग आहे, चहा-पोहे महिला मंडळाकडून, त्यामुळे भुकेचं कारण चालणार नाही. विषय माहीतच आहे, पोरं पिंपरी-हडपसरला कामाला, मागचे बाक रिकामे, आणि चर्च भरलेलं दिसतं ते फक्त नाताळला.

मेन मुद्दा भजनाचा. महिन्यातून एक रविवार पूर्ण भजनाची उपासना करायची, टाळ-तबला-पेटी घेऊन. अहो, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी आपल्याच नगर भागात राहून अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजनं लिहिली आणि आपण मोबाईलवर ट्रॅक लावून तोंड हलवतो (माझं मत आहे, राग नको). जुन्या चाली आता आपल्या आजी लोकांनाच येतात, त्यांच्याकडून तरुण संघाने रेकॉर्ड करून घ्या, उशीर करू नका.

शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) परत सुरू करू, मुलं चार असली तरी. शास्त्रवाचन दर रविवारी तरुणांपैकी कुणीतरी करेल, पाळकसाहेबांचा होकार आहे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना आणायला बाईकवाल्यांनी नावं द्या. हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या धान्य-वस्तूंचा लिलाव यंदा संध्याकाळी ठेवायचा का तेही ठरवू, म्हणजे पुण्यावाले पोचतील.

आणि पेटीचा भाता फाटलाय, काळी दोन दाबली की वर येत नाही. दुरुस्त करणारा कुणाच्या ओळखीचा असेल तर आजच ग्रुपवर सांगा.