बाबांच्या हाती मोजपट्टी देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार. आपल्या दवाखान्यातून निघताना आभार मानायचे राहून गेले, कारण तेव्हा बोलायला गेलो असतो तर कंठ दाटून आला असता. म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहीत आहे, कारण घरातले माणूस आणि घरातले मुके जनावर यांपैकी एकाची निवड करा, असे ज्यांना सांगितले गेले आहे, त्यांनीही ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

आई गेल्यापासून बाबांचा दिवस आमच्या कुत्रीभोवतीच फिरतो. त्यांना शिंकांचा आणि पहाटे छातीत घरघर होण्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा आम्ही आधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी घरात कुत्रा आहे का एवढेच विचारले आणि ‘काढून टाका’ असे सांगून मोकळे झाले. तपासणी नाही, पुढचा प्रश्न नाही. आणि हे फर्मानही माझ्याकडे पाहून सोडलेले, बाबा शेजारच्याच खुर्चीत बसलेले असताना! दुसऱ्या एकांनी कुत्रीचे केस भादरायला सांगितले. ॲलर्जी केसांची नसून लाळ, लघवी आणि कातडीवरून झडणारा कोंडा यांतल्या प्रथिनांची असते, ही मुळातली गोष्ट आम्हाला आपल्याकडूनच कळली.

आपण आधी छाती तपासली, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे हे विचारले आणि ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला लावून मगच चाचणीला बोलावले. बाबांच्या हातावर पेनाने खुणा करून ॲलर्जी होऊ शकणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांचा, आणि तुलनेसाठी मिठाच्या पाण्याचा व हिस्टामिनचा, एकेक थेंब ठेवला गेला, प्रत्येक थेंबातून हलकेच टोचले गेले, आणि मग खाज सुटली तरी न खाजवता १५ ते २० मिनिटे बसायचे होते. ती वेळ संपल्यावर आपण स्टूल ओढून बाबांसमोर बसलात, पारदर्शक मोजपट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालात, “काका, तुम्हीच मोजा.”

उभे आयुष्य नकाशे काढण्यात घालवलेल्या माझ्या वडिलांनी चष्मा सारखा केला आणि स्वतःच्या हातावर उठलेल्या गांधी मोजल्या. मिठाच्या पाण्याच्या जागी काही नव्हते. हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत शरीरातच सुटणाऱ्या रसायनाच्या, जागी गांध होती. ती उठलीच पाहिजे, नाहीतर चाचणीवर विसंबता येत नाही, असे आपण समजावले. कुत्र्याच्या थेंबाची गांध ३ मिलिमीटरांहून मोठी भरली, आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची त्याहूनही मोठी. तेव्हा बाबांनीच विचारले, “म्हणजे दोष तिच्या एकटीचा नाही?” कितीतरी दिवसांनी ते स्वतःच्या आजाराविषयी स्वतः बोलत होते. गांधीच्या आकारावरून आजाराची तीव्रता ठरत नाही, चाचणीचा निकाल लक्षणांशी ताडून पाहावा लागतो, आणि वयोमानाने कातडीची प्रतिक्रिया मंदावते म्हणून रक्तातले आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडही पाहू, हे सारे आपण माझ्याकडे न वळता त्यांनाच सांगितले. आपली विद्या आधीच्या डॉक्टरांपाशीही असेल; समोरच्या वृद्ध माणसाला आपले शरीर समजून घेता येते, हा विश्वास मात्र मला तिथे दिसला नाही. माणसाला माणूस म्हणून वागवायला फार वेळ लागत नाही हो, आपल्याला तर जेमतेम दोन मिनिटे लागली असतील.

रक्ताच्या तपासणीनेही तेच दाखवले. त्रास पहाटे अंथरुणातच का वाढतो, याचा उलगडा तेव्हा झाला: गादीत किडे, आणि त्याच गादीवर पायथ्याशी झोपणारी कुत्री. आता ती झोपण्याच्या खोलीत येत नाही, गादीउशांना किडे रोखणारी आवरणे आहेत आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या जातात. कुत्रीला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतो, कारण धुऊन कमी झालेली प्रथिने थोड्याच दिवसांत पुन्हा साचतात. नाकातला फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला वळवून मारायचा, हे बाबा आता मला शिकवतात.

आपण खोटा दिलासाही दिला नाही, त्याबद्दल तर विशेष ऋणी आहे. एवढे करून दमा आटोक्यात आला नाही, तर कुत्रीसाठी दुसरे घर पाहावे लागेल, आणि ती गेल्यावरही घरातली प्रथिने हटायला काही महिने जातील, हे आपण बाबांना स्पष्ट सांगितले. तूर्त त्यांची घरघर थांबली आहे आणि रात्रीची झोप परतली आहे. फवारा आणि इन्हेलर केव्हा घेतला, पहाटे श्वास कसा होता, याची नोंद ते रोज आपल्या वळणदार अक्षरात वहीत करतात. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन ते एकटेच आत येणार आहेत. मी बाहेर थांबावे, असे त्यांनी मला बजावले आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाचा मुलगा